रक्ताच्या अहवालात न दिसणारे आयन

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे सरकला, की उन्हाचा त्रास झालेल्या माणसांची दवाखान्यांत रीघ लागते आणि सलाईन लावता लावता डॉक्टर रक्ताचा एक नमुना तपासणीसाठी पाठवतात. संध्याकाळी हातात येणाऱ्या कागदावर सोडियम आणि पोटॅशियम यांचे आकडे असतात. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात सोडियम साधारण १३५ ते १४५ आणि पोटॅशियम ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर एवढे असते. त्यात घट झाली की घरची मंडळी ‘अंगातले क्षार कमी झाले’ असे सांगतात, आणि ते ढोबळमानाने बरोबरच असते. या कागदाची एक मर्यादा मात्र सहसा कुणी बोलून दाखवत नाही. त्यावरचा प्रत्येक आकडा पेशींच्या बाहेरच्या द्रवाचा असतो. शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते, आणि तिथे या क्षणी काय चालले आहे याविषयी तो कागद अवाक्षर काढत नाही.

क्षार पाण्यात विरघळला की त्याचे विद्युतभारित कण सुटे होतात. त्यांना आयन म्हणतात. मिठातून सोडियमचे धनभारित आणि क्लोराइडचे ऋणभारित आयन मिळतात. पेशी या आयनांकडून निरोप्याचे काम करून घेते. स्नायू आखडतो, मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला इशारा देते, स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते. या प्रत्येक घटनेच्या आधी पेशीतील कॅल्शियम आयनांची संख्या क्षणभर उसळलेली असते. त्यामुळे पेशी न फोडता, ती जिवंत आणि आपल्या कामात असताना तिच्यातले आयन मोजता यावेत, ही जीवशास्त्रज्ञांची जुनी गरज होती. ती भागवली चमकणाऱ्या प्रथिनांनी. पण ही प्रथिने निसर्गातून जशीच्या तशी उचलता आली नाहीत, ती घडवावी लागली.

किती मोजायचे याचा अंदाज आधी घेतलेला बरा. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. एका मायक्रोमीटरची बाजू असलेला एक घन, म्हणजे साधारण एखाद्या जिवाणूएवढी जागा, पेशीच्या आत कल्पून पाहा. पेशी विश्रांत असताना त्या जागेत पोटॅशियमचे आठ कोटींहून अधिक आयन असतात, मॅग्नेशियमचे मोकळे आयन काही लाख असतात, आणि कॅल्शियमचे मोकळे आयन असतात अवघे साठेक. पेशीपटलाच्या पलीकडे तेवढ्याच जागेत कॅल्शियमचे सहा ते बारा लाख आयन दाटलेले असतात. इशारा मिळताच पटलातील दारे काही क्षण उघडतात, आतल्या साठाचे पाच-सहाशे होतात, आणि लगेच पंप सुरू होऊन ते पुन्हा साठावर येतात. हे ओळखणे म्हणजे आठ कोटींच्या जमावातून एका एसटीत मावतील एवढी माणसे हेरण्यासारखे आहे, आणि तेही ती माणसे दहापट झाली की लगेच कळेल अशा बेताने.

त्यासाठीची युक्ती प्रकाशाची आहे, आणि तिचे एक साधे रूप टेबलावर दाखवता येते. मी ते वर्गात दाखवतो. पहिल्या वेळी पार्क चौकाजवळून घाईघाईत टॉनिक वॉटरऐवजी साधा सोडा उचलून आणला, आणि अंधार केलेल्या वर्गात काहीच चमकेना, तेव्हा मुलांना जो आनंद झाला तो पुढे प्रयोग यशस्वी झाल्यावरही झाला नाही. टॉनिक वॉटरमध्ये थोडे क्विनाइन असते, पूर्वी हिवतापावर देत असत तेच कडू औषध. ते पाणी दोन काचेच्या पेल्यांत ओतून चमच्याने भरपूर ढवळावे आणि त्यातला वायू आधी घालवावा, कारण नंतर मीठ पडताच फेस उतू जातो. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा पेल्यांशेजारी धरला की दोन्हींतले पाणी आकाशी निळे उजळते. आता एका पेल्यात चमचाभर मीठ टाकून न ढवळता थांबावे. मिठाचे जड पाणी तळाशी साचते आणि निळाई तळाकडून मावळत वर येऊ लागते; मग एकदा ढवळले की सगळा पेला विझल्यासारखा होतो. दुसऱ्या पेल्यात तितकीच साखर घातली तर चमक जशीच्या तशी राहते, म्हणजे विझवण्याचे काम विरघळलेल्या कोणत्याही पदार्थाचे नाही. ते मिठातल्या क्लोराइड आयनाचे आहे.

क्विनाइनचा रेणू जांभळ्यापलीकडचा, अधिक ऊर्जेचा प्रकाश शोषतो, त्यातली थोडी ऊर्जा आत जिरवतो आणि उरलेली कमी ऊर्जेच्या निळ्या प्रकाशाच्या रूपात परत करतो. याला प्रतिदीप्ती म्हणतात. धुण्याच्या पावडरीत घातलेल्या उजळ द्रव्यांमुळे पांढरा सदरा त्याच दिव्याखाली निळसर पेटून उठतो, तोही हाच प्रकार. काजव्याचे तसे नाही. तो स्वतःच्या शरीरातील रासायनिक क्रियेतून प्रकाश निर्माण करतो, त्याला बाहेरचा दिवा लागत नाही. क्विनाइनच्या ऊर्जाभारित रेणूला प्रकाश परत देण्याआधीच एखादा क्लोराइड आयन येऊन धडकला, तर ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात निघून जाते आणि चमक हुकते. क्लोराइड जितके जास्त, तितक्या धडका जास्त आणि उजेड तितका कमी. म्हणजे उजेड मोजला की क्लोराइड मोजता येते, आणि क्विनाइनच्याच कुळातील एका कृत्रिम रंगद्रव्याने १९८० च्या दशकात पेशींमधले क्लोराइड खरोखरच मोजले जाऊ लागले.

कॅल्शियमसाठीही अशी रंगद्रव्ये झाली. रॉजर चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये फ्युरा-२ हे रंगद्रव्य तयार केले आणि पेशीशास्त्राच्या प्रयोगशाळांत ते घरचेच झाले. पण रंगद्रव्य बाहेरून पाजावे लागते. ते हळूहळू पाझरून निघून जाते, पेशीच्या नको त्या कप्प्यांत शिरते, आणि ‘तू फक्त केंद्रकात बस’ किंवा ‘फक्त याच जातीच्या चेतापेशींत जा’ असे त्याला सांगता येत नाही. प्रथिनाला ते सांगता येते. प्रथिनाची कृती जनुकात लिहिलेली असते. ते जनुक पेशीला दिले की पेशी आपले मोजमापाचे साधन आपणच बनवते, झिजले की नवे बनवते, आणि पिल्लांनाही वारशाने देते. प्रथिनाच्या टोकाला पत्त्याची एक छोटी चिठ्ठी जोडली की ते सांगितलेल्या कप्प्यातच जाऊन बसते. प्रश्न एवढाच उरला, की चमकणारे प्रथिन आणायचे कुठून?

ते समुद्रातून आले. १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामु शिमोमुरा आणि फ्रँक जॉन्सन यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर येथे एक्वोरिया व्हिक्टोरिया जातीचे सुमारे दहा हजार जेलीफिश गोळा केले. या प्राण्याच्या छत्रीच्या कडेला प्रकाशाचे ठिपके असतात, आणि त्या प्रकाशामागचे द्रव्य त्यांना वेगळे काढायचे होते. बरेच दिवस काही साधेना. एके दिवशी शिमोमुरा यांनी निकामी समजून अर्क मोरीच्या सिंकमध्ये ओतला आणि सिंक निळ्या प्रकाशाने लखकन उजळले, कारण सिंकमध्ये समुद्राचे पाणी येत होते आणि समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असते. कॅल्शियम भेटताच चमकणाऱ्या त्या प्रथिनाला एक्वोरिन हे नाव मिळाले. त्याच्याबरोबर आणखी एक प्रथिन हाती लागले होते, जे एक्वोरिनचा निळा प्रकाश घेऊन हिरवा करून देत होते. १९६२ च्या शोधनिबंधात त्याचा उल्लेख जाता जाता आला आहे. आज हरित प्रतिदीप्त प्रथिन, किंवा जीएफपी, म्हणून ओळखले जाते ते हेच. गंमत अशी की कॅल्शियम ओळखणारे प्रथिन एक्वोरिन होते, आणि नाव झाले ते कॅल्शियमशी काहीही देणेघेणे नसलेल्या त्याच्या सोबत्याचे.

१९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचे जनुक वेगळे केले. १९९४ मध्ये मार्टिन चॅल्फी यांनी ते जनुक जिवाणूत आणि एका सूक्ष्म कृमीत घातले आणि दोघेही हिरवे चमकले, म्हणजे जेलीफिशच्या इतर कोणत्याही द्रव्याची त्याला गरज नव्हती. ऑक्सिजन तेवढा लागतो. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि चेन यांना मिळाले. त्या वेळी प्रॅशर विज्ञान सोडून अमेरिकेतील एका मोटारविक्रेत्याकडे ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते.

या प्रथिनाची रचना १९९६ मध्ये स्पष्ट झाली, आणि पुढचे सगळे काम त्या रचनेवर उभे आहे. २३८ अमिनो आम्लांची एक साखळी स्वतःभोवती अशी वळते, की अकरा पट्ट्यांचे एक पिंप तयार होते, जुन्या लाकडी पिंपाच्या फळ्या उभ्या जुळवाव्यात तसे. पिंपाची उंची सुमारे ४ नॅनोमीटर आणि रुंदी २.४ नॅनोमीटर असते. पिंपाच्या मधोमध, ६५, ६६ आणि ६७ क्रमांकांची तीन अमिनो आम्ले एकमेकांशी आपोआप जोडली जाऊन एक रंगक गट बनतो, आणि चमकतो तो एवढाच भाग. बाकीचे पिंप त्याला बाहेरच्या पाण्यापासून आणि ये-जा करणाऱ्या आयनांपासून जपण्यासाठी असते. क्विनाइन पेल्यात उघडे होते म्हणून क्लोराइड त्याच्यावर येऊन आदळू शकले. इथे आदळायला वाटच नाही.

म्हणून ज्या गुणामुळे हे प्रथिन उत्तम दिवा ठरले, तोच गुण मोजणीच्या आड येतो. आजूबाजूला काय घडते आहे याची दखल न घेणारी वस्तू मोजमापाच्या कामाची नसते. आयन ओळखणारी प्रथिने घडवण्याचे गेल्या तीस वर्षांतले काम मला एकाच सूत्राने समजते: या पिंपाला नेमक्या जागी आणि नेमके तेवढेच कमजोर करायचे, की हवा असलेला आयन आला तरच आतल्या दिव्याला कळावे. फार कमजोर केले तर दिवा कायमचा विझतो, आणि कमी केले तर काही कळतच नाही.

सर्वांत लहान फट हायड्रोजन आयनांना पुरते, कारण तेच सर्वांत लहान आहेत. द्रावण आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे या आयनांच्या संख्येवर ठरते. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे आपल्याला ठाऊक आहे. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर बेतलेली आहे, आणि आपल्या करमाळा तालुक्यातील केम गाव कुंकवासाठीच ओळखले जाते. हळदीतील रंगद्रव्याने हायड्रोजन आयन धरला तर ते पिवळे असते, सोडला तर लाल होते. जीएफपीच्या रंगक गटाचीही अशीच दोन रूपे आहेत: हायड्रोजन धरलेले रूप ३९५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश शोषते, सोडलेले रूप ४७५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषते. रंगक गटाभोवतीची काही अमिनो आम्ले बदलून या दोन रूपांमधला तोल आम्लतेप्रमाणे झुकेल असे प्रथिन १९९८ मध्ये तयार झाले, त्याला पीएचल्युओरिन म्हणतात. चेतापेशीच्या टोकाशी रासायनिक निरोप भरलेल्या सूक्ष्म पुटिका असतात आणि त्यांच्या आत आम्लता असते. तिथे या प्रथिनाचा एक प्रकार अंधारा राहतो, आणि पुटिका बाहेर उघडली की आम्लता जाऊन तो ठिपका उजळतो. मी हे सांगताना नेहमी इथे थांबतो, कारण ‘हायड्रोजन धरलेला दिवा अंधारा, सोडलेला दिवा उजळ’ ही गोष्ट कळली की पुढचे अर्धे काम झालेले असते.

क्लोराइडची कथा अपघाताची आहे. जीएफपीतील २०३ क्रमांकाचे अमिनो आम्ल बदलल्यावर पिवळसर चमकणारे प्रथिन मिळाले आणि लोकांनी ते रंग म्हणून वापरायला घेतले. मग लक्षात आले की क्लोराइड असलेल्या द्रावणात ते मंदावते. त्या बदलामुळे रंगक गटाशेजारी एक पोकळी तयार झाली होती आणि तिच्यात एक क्लोराइड आयन जाऊन बसू शकत होता; तो बसला की रंगक गट हायड्रोजन अधिक घट्ट धरून ठेवतो आणि अंधारतो. काहींनी या दोषाचा बंदोबस्त करून २००१ मध्ये सिट्रिन नावाचे सुधारलेले पिवळे प्रथिन काढले. काहींनी उलट दिशा धरली आणि १४८ क्रमांकावर आणखी एक बदल करून तो दोष वाढवला. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात पेशीपटलातील क्लोराइडचे एक दार बिघडलेले असते. ते जनुक १९८९ मध्ये सापडले. अशा पेशींत हे पिवळे प्रथिन भरून बाहेरून आयोडाइड आयन सोडले, तर दार उघडे असल्यास आयोडाइड भराभर आत येऊन पेशी मंदावते, आणि दार बंद असल्यास ती उजळच राहते. दार उघडणारे औषध शोधायचे तर हजारो रसायने एकेक करून घालायची आणि कोणती पेशी लवकर मंदावते ते पाहायचे, एवढी ती पद्धत सोपी झाली.

कॅल्शियमसाठी पिंपात अशी आयती पोकळी नव्हती, म्हणून आयन धरण्याचे काम दुसऱ्या प्रथिनाकडे सोपवावे लागले. कॅल्मॉड्युलिन हे आपल्या प्रत्येक पेशीत असणारे प्रथिन कॅल्शियमचे चार आयन धरते, आणि ते धरल्यावर एम-१३ नावाच्या एका लहान तुकड्याला कवटाळते. हा तुकडा मुळात स्नायूंतील एका विकराचा भाग आहे. १९९७ मध्ये अत्सुशी मियावाकी आणि रॉजर चेन यांनी कॅल्मॉड्युलिन व एम-१३ यांना जोडून त्यांच्या एका टोकाला निळसर आणि दुसऱ्या टोकाला पिवळसर प्रतिदीप्त प्रथिन लावले. कॅल्शियम नसताना दोन्ही दिवे लांब असतात आणि निळा आपला निळा प्रकाश देतो. कॅल्शियम आले की कवटाळण्यामुळे दिवे जवळ येतात, निळा आपली ऊर्जा परस्पर पिवळ्याला देतो, आणि पिवळा उजळतो. यात पिंपाला हातही लावलेला नव्हता. साधन सुरेख होते, पण रंगातला फरक थोडा पडायचा.

मोठी उडी पिंप उघडल्यावर आली, आणि ती कशी घेतली हे बोरमाळेवरून समजते. बोरमाळेचा दोरा एका ठिकाणी गाठलेला असतो. ती गाठ पक्की करून टाकली आणि दोरा दुसऱ्याच दोन मण्यांच्या मध्ये कापला, तर माळेतील मण्यांचा फेर तोच राहतो, पण मोकळी टोके नव्या जागी येतात. प्रथिनाच्या साखळीचेही असे करता येते. जीएफपीची मूळची दोन टोके पिंपाच्या एकाच बाजूला, एकमेकांजवळ आहेत. ती एका लहान दुव्याने जोडली, आणि साखळी १४५ व्या क्रमांकाच्या आसपास, रंगक गटाच्या अगदी समोर, कापली. नवी टोके तिथे आली. पिंप तरीही पिंपासारखेच वळले, हे १९९९ मध्ये चेन यांच्याच प्रयोगशाळेने दाखवले. मात्र आता त्याच्या भिंतीत दिव्यासमोर एक खिडकी पडली होती.

२००१ मध्ये जुनिची नाकाई आणि त्यांच्या जपानमधील सहकाऱ्यांनी या खिडकीच्या एका चौकटीला एम-१३ आणि दुसऱ्या चौकटीला कॅल्मॉड्युलिन लावले. कॅल्शियम नसते तेव्हा ही दोन्ही सैल लोंबत असतात, खिडकी उघडी राहते, बाहेरचे पाणी आत शिरते, रंगक गट हायड्रोजन धरून बसतो आणि निळ्या प्रकाशात अंधारा राहतो. कॅल्शियम आले की कॅल्मॉड्युलिन एम-१३ ला मिठी मारते, दोन्ही चौकटी ओढल्या जाऊन खिडकी मिटते, रंगक गट हायड्रोजन सोडतो आणि हिरवा उजळतो. कॅल्शियम गेले की मिठी सुटते आणि पुन्हा अंधार. या प्रथिनाला जीकॅम्प म्हणतात. आज उंदराच्या जागत्या मेंदूतील हजारो चेतापेशी लुकलुकताना दाखवणाऱ्या बहुतेक चित्रफितींच्या मुळाशी याचेच वंशज असतात.

पहिल्या जीकॅम्पची एक अडचण सोलापूरकराला चटकन पटेल. त्याला उन्हाळा सोसत नव्हता. जेलीफिश थंड पाण्यातला प्राणी. त्याचे प्रथिन, त्यातही भिंत कापलेले, ३७ अंशांच्या आपल्या शरीरात नीट वळतच नसे, आणि ३० अंशांखाली वाढवलेल्या पेशींतच बरे चमके. ते सुधारायचे म्हणजे एकेक अमिनो आम्ल बदलून पाहायचे. सोलापुरी चादरीच्या मागावर जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आणि कोणते ताण्याचे धागे वर उचलायचे ते भोके सांगतात. एक पुठ्ठा बदलला की मोराच्या नक्षीतली एक ओळ बदलते. जनुकातील अक्षरे आणि प्रथिनातील अमिनो आम्ले यांचे नाते बरेचसे असेच आहे. उपमा इथेच तुटते, कारण चादरीत एक ओळ चुकली तर एकच ओळ चुकलेली दिसते, आणि प्रथिनात एक मणी बदलला तर अख्खे पिंप वळायचे राहू शकते, किंवा लांबच्या कोपऱ्यातला बदल खिडकीची फट नेमकी सुधारू शकतो. आधी सांगणे अवघड असते. २३८ जागांपैकी एकच जागा बदलायची तर ४,५२२ पर्याय होतात. कोणत्याही दोन जागा एकदम बदलायच्या तर एक कोटीच्या वर.

म्हणून निवड जिवाणूंवर सोपवतात. जनुकाच्या हजारो किंचित वेगळ्या प्रती जिवाणूंत घातल्या, ते ताटलीत पसरले, की दुसऱ्या दिवशी प्रत्येक प्रतीची वेगळी टिकली उगवते. ताटलीवर निळा प्रकाश टाकून चमकत्या टिकल्या हेरायच्या, मग कॅल्शियम शोषून घेणारे रसायन घालून त्यांतल्या कोणत्या खरोखर मंदावतात ते पाहायचे. उजळ असणे पुरेसे नसते. विझताही आले पाहिजे. अशा चाळणीतून २०११ मध्ये लाल रंगाचे कॅल्शियमदर्शक मिळाले. २०१३ चा जीकॅम्प-६ तर थेट चेतापेशींत चाचणी घेऊन निवडला गेला, आणि २०२३ मध्ये आलेली आठवी पिढी काही मिलिसेकंदांत उजळू लागते.

उजळपणा आणि वेग यांच्या बातम्या होतात, पण वापरणाऱ्याने आधी पाहायची गोष्ट वेगळी आहे. हंगामात आपल्याकडे उसाच्या गाड्या कारखान्याच्या वजनकाट्यावर चढतात. त्या काट्यावर तोळाभर सोने ठेवले तर आकडा हलणार नाही, आणि सराफाच्या काट्यावर ऊस ठेवायचा विचारही कुणी करत नाही. आयनदर्शक प्रथिनालाही असा आपला पल्ला असतो. जीकॅम्प-६ च्या प्रकारांपैकी मंद पण संवेदनशील प्रकार १४४ नॅनोमोलरच्या (एक नॅनोमोलर म्हणजे लिटरमागे मिलिमोलचा दहा लाखावा भाग) आसपास अर्धा भरतो, तर चपळ प्रकार ३७५ नॅनोमोलरला. विश्रांत पेशीत १०० नॅनोमोलर कॅल्शियम असते, तेव्हा दोघेही तिथे कामाचे आहेत. पण पेशीच्या आतच कॅल्शियमची कोठारे असतात, आणि तिथे त्याचे प्रमाण हजारो पट जास्त असते. तिथे हे दोघे कायम पूर्ण उजळलेले राहतील आणि कोठार रिकामे होतानाही काही सांगणार नाहीत. अशा जागेसाठी कॅल्मॉड्युलिनची पकड मुद्दाम ढिली केलेली प्रथिने बनवावी लागली.

आयनांची निवडही काटेकोर लागते. त्या छोट्या घनात मॅग्नेशियमचे काही लाख आयन होते हे आठवा. त्यांचा भार कॅल्शियमएवढाच असतो, आकार मात्र लहान. कॅल्मॉड्युलिनच्या पकडीत कॅल्शियमभोवती ऑक्सिजनचे सात अणू जमतात. मॅग्नेशियमला सहांचीच आवड असते, त्या ऐसपैस जागेत ते नीट बसत नाही. सोडियम आणि पोटॅशियम यांच्यातला फरक तर आकाराचाच आहे. पोटॅशियमला योग्य पकड बराच काळ मिळत नव्हती. ती आतड्यात राहणाऱ्या एशेरिशिया कोलाय या जिवाणूच्या पोटॅशियम धरणाऱ्या प्रथिनात मिळाली, आणि तिला जीएफपीच्या खिडकीत बसवून २०१९ मध्ये गिंको-१ हे पोटॅशियमदर्शक तयार झाले. लेखाच्या सुरुवातीचा तो कागद जे सांगू शकत नव्हता, ते निदान काचेच्या ताटलीतील पेशींपुरते आता दिसू लागले आहे.

वनस्पतींत तर हे डोळ्यांना दिसते. २०१८ मध्ये मोहरीच्या कुळातील एका लहान रोपात जीकॅम्प घालून त्याचे पान अळीला खाऊ दिले, तेव्हा चावल्या जागेपासून कॅल्शियमची हिरवी लाट सेकंदाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने निघाली आणि एक-दोन मिनिटांत न चावलेल्या पानांपर्यंत पोचली. ती पोचल्यावर त्या पानांनी बचावाची द्रव्ये बनवायला घेतली. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या रस्त्याने जाताना मला हे हमखास आठवते, कारण तेल्या रोगाने डागाळलेल्या डाळिंबाच्या पानातही पहिली वर्दी कॅल्शियमचीच गेली असणार. फक्त तिथे ती दाखवायला दिवा नसतो.

या साधनांचे दोष लपवण्यासारखे नाहीत. दर्शक प्रथिन स्वतः कॅल्शियम धरते, म्हणजे जे मोजायचे त्यातलेच थोडे खाते. पेशीत ते भरमसाट बनले तर पेशीचा स्वभावच बदलतो. आम्लता वाढली की जीकॅम्प कॅल्शियम असूनही मंदावते, कारण शेवटी तो दिवा हायड्रोजनचाच आहे, आणि म्हणून जाणता संशोधक त्याच पेशीत आम्लता वेगळी मोजून ठेवतो. शिवाय एखादी पेशी शेजारणीपेक्षा उजळ दिसली, तर तिच्यात कॅल्शियम जास्त आहे की प्रथिनच जास्त बनले आहे, हे नुसत्या उजेडावरून कळत नाही. त्यामुळे एकरंगी दर्शक ‘वाढले’ आणि ‘घटले’ एवढे खात्रीने सांगतो, ‘किती’ ते सांगत नाही.

‘किती’ हवे असेल तर प्रयोगाच्या शेवटी त्याच पेशींवर दोन मापे घ्यावी लागतात. आयोनोमायसिन हे रसायन पेशीपटलातून कॅल्शियमची मुक्त ने-आण करते. ते घालून बाहेर कॅल्शियम शोषणारे द्रव्य ठेवले की पेशीतले जवळपास सगळे कॅल्शियम निघून जाते आणि दिव्याची किमान पातळी मिळते. मग भरपूर कॅल्शियम सोडले की कमाल पातळी मिळते. आधी नोंदवलेला प्रत्येक उजेड या दोन आकड्यांच्या मध्ये बसवला, की नॅनोमोलरमधला आकडा निघतो. एवढे कॅल्शियम आत आल्यावर पेशी वाचत नाहीत. आकडे वहीत उतरवून झाले की ताटली निर्जंतुक करून टाकून देतात.